काळोख्या नोव्हेंबरसाठी प्रकाशोपचाराचा दिवा : एक परीक्षण

पानगळ आटोपल्यापासून बर्फ पडेपर्यंतचे आठवडे उत्तरेकडील थंड प्रदेशांत ऐन हिवाळ्यापेक्षाही जड जातात. वर्षातला सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला येतो हे खरे. पण तोवर जमिनीवर ताजा बर्फ आलेला असेल, तर पडलेल्या उजेडापैकी ८० टक्क्यांहून अधिक उजेड तो परत वर फेकतो. नोव्हेंबरात मात्र ओली काळी माती, उघडी झाडे आणि दिवसचे दिवस न हटणारे मळभ असल्यामुळे मिळतो तो उजेडही जिरून जातो.

याच दिवसांसाठी विकला जाणारा टेबलावरचा एलईडी दिवा मी सकाळी वापरत आहे. ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले, तेव्हापासून प्रकाशोपचाराचा, म्हणजे प्रखर प्रकाशात ठरावीक वेळ बसण्याच्या उपचाराचा अभ्यास होत आला असून, १०,००० लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागी किती प्रकाश पडतो ते मोजण्याचे एकक) प्रकाशात सकाळी अर्धा तास बसणे ही आता रूढ झालेली मात्रा आहे. घरातल्या दिव्यांखाली साधारण १०० ते ५०० लक्सच मिळतात, हे लक्षात घेतले की ही मात्रा किती मोठी आहे ते कळते.

या दिव्याच्या खोक्यावरही ‘१०,००० लक्स’ असे ठळक छापलेले आहे. हा आकडा नेमक्या किती अंतरावरचा, हे मात्र माहितीपत्रकाच्या शेवटी, भिंग घेऊन वाचावे अशा अक्षरांत दिले आहे : १५ सेंटिमीटर. एवढ्या जवळ तोंड नेऊन अर्धा तास कोण बसणार, देव जाणे! छोट्या दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की प्रकाश सुमारे एक चतुर्थांशावर येतो. म्हणजे वाचत किंवा चहा घेत बसता येईल अशा ३० सेंटिमीटरवर हातात उरतात जेमतेम २,५०० लक्स, आणि तेवढ्या प्रकाशात अर्ध्या तासाऐवजी सुमारे दोन तास बसावे लागते. दोष दिव्यापेक्षा त्याच्या आकाराचा आहे. पुस्तकाएवढ्या चौकटीऐवजी मोठा फलक असता, तर थोडे मागे सरकूनही पुरेसा प्रकाश मिळाला असता आणि डोळेही कमी दिपले असते.

तरीही दिवा निरुपयोगी नाही. तो समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवून, त्याच्याकडे टक लावून न पाहता नेमाने बसल्यास सकाळची सुस्ती लवकर उतरते आणि रात्री झोपही वेळेवर येते, असा माझा अनुभव आहे. संध्याकाळी वापरल्यास मात्र झोप लांबते. सुरुवातीला डोके दुखू शकते. डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा द्विध्रुवीय विकार (अतिउत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येणारा मनोविकार) असणाऱ्यांनी, तसेच प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा वापरू नये. ही सूचना खोक्यावर ठळक अक्षरांत हवी होती.

मळभ असतानाही दुपारी बाहेर हजार-दोन हजार लक्स आणि पुष्कळदा त्याहून अधिक प्रकाश असतो, तेव्हा ज्यांना दिवसा बाहेर फिरणे शक्य आहे त्यांनी आधी तेच करून पाहावे. उजाडण्यापूर्वी कामावर जाऊन अंधार पडल्यावर परतणाऱ्यांनी दिवा जरूर घ्यावा, मात्र लक्सच्या आकड्याशेजारी किमान ३० सेंटिमीटर अंतर छापलेले असेल आणि अतिनील किरण गाळले जात असल्याचा स्पष्ट उल्लेख असेल तरच.