कॉम्प्रेसर न घेता नुसती हवा विकत घेतली: मकरपुरा, बडोद्याहून १४ महिन्यांचा अनुभव

ह्या हवेच्या स्कीमला चार स्टार देतेय, पाचवा का नाही ते खाली येईलच. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, अशी स्कीम घ्यायची असेल तर नावापेक्षा करारातली कलमं जास्त कामाला येतात.

मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातची एमआयडीसी म्हणा) आमचं शीट मेटलचं छोटं युनिट आहे, बाबांनी सुरू केलेलं. न्यूमॅटिक प्रेस, पावडर कोटिंग, सगळं दाबाच्या हवेवर चालतं, म्हणजे कॉम्प्रेसर बंद पडला की आठ माणसं हातावर हात ठेवून बसतात. आधीचा स्क्रू कॉम्प्रेसर आमच्या मालकीचा होता आणि दुसऱ्या एका कंपनीची एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभाल करार, होती. वर्षाला चार व्हिजिट, बाकी फिल्टरचं बिल वेगळं, ऑइल वेगळं, बेअरिंग गेलं तर त्याचं वेगळं, आणि मे महिन्यात मशीन तापून ट्रिप झालं की फोनवर "थई जशे बेन, काले माणस मोकलुं छुं" (होईल ताई, उद्या माणूस पाठवतो) आणि ते काले तीन दिवसांनी उजाडायचं.

आता मशीन, ड्रायर, रिसीव्हर टाकी सगळं कंपनीचं, फक्त आमच्या शेडमध्ये ठेवलंय. लाइनवर मीटर बसवलाय आणि घनमीटरप्रमाणे महिन्याचं बिल येतं. मेन्टेनन्स आणि पार्ट त्यांचे. वीज आमची, पण एका घनमीटरला किती युनिट लागतील ते करारात लिहिलंय, जास्त लागले तर फरक ते देतात. पहिल्याच महिन्यात त्यांच्या माणसाने बघितलं की आम्ही हवेचा दाब उगाच ८ बारवर ठेवत होतो, प्रेसना ७ पुरतात, एक बार कमी केला की वीज साधारण ६ ते १० टक्के वाचते. जुन्या एएमसीवाल्याने इतक्या वर्षांत हे कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगून त्याला मिळणार काय होतं? यंदाच्या मे महिन्यात रात्री एकदा मशीन बंद पडलं तेव्हा आम्ही फोन करायच्या आधी त्यांचाच फोन आला, सकाळी आठला माणूस गेटवर. मला खरंच भरून आलं.

माझी धाकटी बहीण एम.एस. युनिव्हर्सिटीत कॉमर्सला आहे, तिचं प्रोजेक्ट नेमकं ह्यावरच निघालं, की वस्तू बनवणाऱ्या कंपन्या सर्व्हिसकडे किती वळल्यात ते मोजायचं कसं. अशा वळण्याला सर्व्हिटायझेशन म्हणतात, १९८८ मध्ये वांडरमर्व्ह आणि राडा ह्या दोन अभ्यासकांनी हा शब्द रूढ केला. कल्पना त्याहून जुनी, ब्रिस्टल सिडली ह्या ब्रिटिश इंजिन कंपनीने १९६२ मध्येच विमानाच्या वायपर इंजिनांची देखभाल उड्डाणाच्या तासावर ठरलेल्या दराने द्यायला सुरुवात केली होती. २००८ मध्ये अँडी नीली ह्या अभ्यासकाने २५ देशांतल्या दहा हजारांहून जास्त कंपन्या तपासल्या, तर सर्व्हिस देणाऱ्यांची उलाढाल मोठी पण नफ्याची टक्केवारी कमी. त्याच वर्षीच्या अमेरिकन कंपन्यांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की विक्रीत सर्व्हिसचा वाटा २० ते ३० टक्क्यांवर गेला तरच कंपनीची किंमत वाढायला लागते.

मी तिला म्हटलं अगं पण मोजतात काय? तर एक रीत म्हणजे कंपनी स्वतःचं वर्णन कसं करते ते वाचून सर्व्हिस देते की नाही ते ठरवायचं. दुसरी, ॲन्युअल रिपोर्टमध्ये प्रॉडक्टची विक्री आणि सर्व्हिसचं उत्पन्न वेगळं दिलेलं असतं त्याची टक्केवारी काढायची. आता बघा, आमचा जुना एएमसीवाला पहिल्या रीतीत बिनधास्त पास होतो. आणि दुसऱ्या रीतीत तर आमचं मशीन जितकं जास्त बिघडेल, जितक्या जास्त व्हिजिटची बिलं फाटतील, तितकं त्याचं सर्व्हिसचं उत्पन्न वाढणार! म्हणून मी तिला तिसरा प्रश्न लिहायला लावला, मशीन बंद पडल्यावर पैसे कोणाचे जातात? आधी आमचे जायचे, आता मीटर थांबला की त्यांचं बिल थांबतं. करार हातात घेतल्याशिवाय हे कळत नाही, त्यामुळे हजारो कंपन्यांवर मोजणं अवघड आहे हे मला पटतं, पण खरा फरक इथेच आहे.

आता पाचवा स्टार. एका रविवारी मी हिशोबासाठी युनिटवर गेले तर शेड बंद आणि मीटर फिरतोय. मीटरच्या पुढच्या आमच्या पाइपला गळती होती, कपलिंगमधून सूं सूं आवाज येत होता, आणि ती हवा पण बिलात लागत होती. मीटरच्या अलीकडची, म्हणजे मशीनकडची गळती त्यांनी केव्हाच बंद केली कारण ती त्यांच्या खिशातून जायची, पलीकडची कोणी दाखवली नाही, रात्रीचं रीडिंग तर त्यांच्याकडे रोज जातं. हे मला लागलं.

दुसरं म्हणजे मिनिमम चार्ज, हवा वापरा न वापरा महिन्याला भरायचीच ती रक्कम. दिवाळीत लाभपाचमीपर्यंत इथे सगळं बंद असतं, तरी त्या महिन्याचं पूर्ण मिनिमम भरावं लागलं.

रिन्यूअलला मी दोन गोष्टी मागितल्या, दर तीन महिन्यांनी पूर्ण लाइनची गळती तपासणी आणि मिनिमम महिन्याऐवजी वर्षावर. पहिली त्यांनी लेखी दिलीय, दुसऱ्यावर बोलणं चालू आहे, मान्य झालं की इथे येऊन लिहीन.