माझ्या नावाच्या पेजवरून विकले गेलेले प्लॉट

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थी करणारे जे सहकारी आता फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर गिऱ्हाईक शोधू लागले आहेत, त्यांच्यासाठी मी हा अनुभव लिहीत आहे. यात माझे स्वतःचे पैसे गेले, पण ते भरून निघतील. माझा चेहरा आणि माझा नोंदणी क्रमांक पाहून सात माणसांनी न पाहिलेल्या प्लॉटसाठी पैसे पाठवले, ही गोष्ट मात्र मला रोज जाचते.

मी टिळकवाडी भागात चौदा वर्षे हा व्यवसाय करत आहे. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याप्रमाणे एजंटालाही स्वतंत्र नोंदणी घ्यावी लागते, ती मी रीतसर घेतलेली आहे. पूर्वी माझे गिऱ्हाईक म्हणजे शहरातली आणि आसपासच्या गावांतली ओळखीची माणसे असत. २०२० मध्ये कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातील ७९ अ आणि ७९ ब ही कलमे काढून टाकली, शेतकरी नसलेल्या माणसालाही येथे शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली, आणि महाराष्ट्रात शेतकरी असण्याची अट कायम असल्यामुळे कोल्हापूर, सांगली, पुण्याकडून चौकशा वाढल्या. चंदगड भागातील लोकांचा बाजारहाट तर पूर्वीपासून बेळगावातच असतो. या सर्वांची एक समान अडचण होती. जमिनीचा उतारा, म्हणजे आपण ज्याला आरटीसी म्हणतो तो, कन्नडमध्ये असतो, आणि सातबारा वाचणाऱ्या माणसाला त्यातले एक अक्षरही कळत नाही.

म्हणून मी मोबाईलवर छोटे व्हिडिओ करू लागलो. उतारा समोर धरायचा, एकेका रकान्यावर बोट ठेवायचे आणि तो मराठीत समजावून सांगायचा: नवव्या रकान्यात कब्जेदाराचे नाव आणि क्षेत्र असते, अकराव्यात इतर हक्क आणि कर्जाचा बोजा दिसतो, मालक तोंडाने काहीही म्हणाला तरी बँकेचे नाव तेथे असेल तर संचकार, म्हणजे इसार, देण्याआधी बोजा उतरवून घ्यावा. बिगरशेती आदेश आणि लेआउटची, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या आराखड्याची, मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगणारा एक व्हिडिओ लोकांनी एकमेकांना बराच पाठवला. दीड वर्षात माझ्या पेजला नऊशेच्या आसपास फॉलोअर मिळाले आणि त्यांतूनच पाच खरेदीपत्रे झाली. नऊशे माणसांतून पाच व्यवहार म्हणजे आमच्या धंद्यात फार मोठी गोष्ट आहे. मला मात्र तेव्हा तो आकडाच लहान वाटत होता, कारण माझ्याच लाईनमधल्या काही जणांच्या पेजवर वीस-वीस हजार फॉलोअर दिसत होते.

२०२४ च्या गणेशोत्सवात एका मंडळाच्या मंडपात एका तरुणाशी ओळख झाली. सोशल मीडिया सांभाळण्याचे काम करतो, असे त्याने सांगितले. उत्तम मराठी बोलत होता, आजोळ निपाणीचे आहे म्हणाला, आणि पहिल्याच भेटीत, "दादा, आपल्या माणसाचे काम आहे, मी पैशाकडे बघून करत नाही," हे वाक्य त्याने दोनदा उच्चारले. सीमाभागात राहणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य कसे आत उतरते ते ठाऊक आहे. कचेरीत, बँकेत, बसथांब्यावर ज्याला आपली भाषा जपून वापरावी लागते, तो माणूस मराठी बोलणाऱ्या अनोळखी माणसाला फार लवकर घरचा मानतो. मीही तेच केले. त्याचे कार्यालय मी पाहिले नाही आणि त्याने ज्यांचे काम केल्याचे सांगितले, त्यांपैकी एकालाही मी फोन केला नाही. मालकाचा उतारा तपासल्याशिवाय मी आजवर कोणाला जमीन दाखवली नाही, आणि या माणसाबाबतीत मात्र मी काहीच तपासले नाही.

तीन महिन्यांचे काम, महिना पंधरा हजार रुपये आणि दहा हजार फॉलोअरची हमी, असे ठरले. शिवाय नावापुढे निळी खूण मिळवून देतो म्हणून त्याने बारा हजार वेगळे घेतले. ही निळी खूण जून २०२३ पासून फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणारी मेटा कंपनी स्वतःच भारतात मासिक वर्गणीवर देते आणि मोबाईल अ‍ॅपवरून तिचा दर तेव्हा ६९९ रुपये होता, हे मला फार उशिरा कळले. आपले ओळखपत्र देऊन कोणीही ती घरबसल्या मागू शकतो. ती खूण खाते त्या माणसाचे आहे एवढेच सांगते, त्याचा धंदा सचोटीचा आहे असे ती सांगत नाही.

सहा आठवड्यांत आकडा अकरा हजारांवर गेला. मी आनंदात होतो आणि घरी, दुकानात, सर्वांना दाखवत होतो. मात्र फोन वाढले नाहीत. उलट पूर्वी आठवड्याला जे सात-आठ फोन येत, ते दोन-तीनांवर आले. पूर्वी एका व्हिडिओला सत्तर-ऐंशी जणांची दाद मिळायची, आता अकरा हजार फॉलोअर असताना ती वीसवर थांबू लागली. अभियांत्रिकी शिकणारी माझी भाची दिवाळीला आली होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि इन्स्टाग्रामच्या इनसाइट्स या भागात फॉलोअर कोणत्या शहरांतले आहेत ते उघडून दाखवले. पहिल्या पाच शहरांत बेळगाव नव्हते, कोल्हापूर नव्हते, भारतातले एकही शहर नव्हते.

"मामा, ही माणसे नाहीत, हा नुसता आकडा विकत घेतलाय," ती म्हणाली.

यातले नुकसान केवळ वाया गेलेल्या पैशांचे नसते आणि ते नीट समजून घेणे आवश्यक आहे. आपण टाकलेला व्हिडिओ आपल्या सर्व फॉलोअरना एकदम दाखवला जात नाही. तो आधी काहींना दाखवला जातो, त्यांनी तो किती वेळ पाहिला, कोणाला पाठवला, काही विचारले का, यावरून पुढे किती जणांसमोर न्यायचा हे ठरत जाते. ज्यांच्यासमोर तो पहिल्यांदा जातो तीच खाती बनावट असतील, तर त्याला प्रतिसाद मिळत नाही आणि तो तेथेच बसतो. म्हणजे माझ्या नऊशे खऱ्या माणसांच्या वाटेत मीच पैसे देऊन दहा हजार बंद दारे उभी केली होती. शिवाय फॉलोअर किंवा लाइक विकत घेणे मेटाच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे खाते बंद होण्याचा धोका वेगळाच.

मी त्याला जाब विचारला तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, की सुरुवात अशीच असते, आता जाहिराती लावल्या की खरी माणसे येतील, आणि त्यासाठी वर्षाचा करार करावा. वर्षाचे एक लाख वीस हजार. मी नकार दिला. या नकारापर्यंत मी त्याच्या हाती काय काय देऊन बसलो होतो, ते आता सांगतो, कारण खरी फसवणूक तेथे होती.

पहिल्या आठवड्यातच जाहिराती लावण्यासाठी लागते म्हणून त्याने फेसबुक पेजचे पूर्ण नियंत्रण मागून घेतले होते. इन्स्टाग्रामला जोडलेला ई-मेल आणि मोबाईल क्रमांक, सुरक्षेचे काम सोपे होईल या नावाखाली, त्याने स्वतःचे घातले होते, आणि त्यासाठी आलेला सहा अंकी ओटीपी मीच त्याला फोनवर वाचून दाखवला होता. जाहिरातीचे खातेही त्याच्याच नावावर होते. दुसऱ्याला काम द्यायचे म्हणून मालकी द्यावी लागते, हा माझा समज संपूर्ण चुकीचा होता. पासवर्ड न देताही मर्यादित अधिकार देता येतात. कोणाला फक्त जाहिराती लावण्याचा, कोणाला फक्त संदेशांना उत्तर देण्याचा अधिकार देता येतो, आणि तो केव्हाही काढून घेता येतो. मी दुकान झाडायला ठेवलेल्या माणसाच्या नावावर दुकानच करून दिले होते.

जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात मला माझ्याच खात्यात जाता येईना. त्या तरुणाचा फोन बंद लागू लागला. मला वाटले, पेज गेले, नवीन करू. तक्रार करण्याचेही मी मनावर घेतले नाही, आणि ती माझी सर्वांत मोठी चूक ठरली.

बारा दिवसांनी चंदगड भागातल्या एका जवानाचा फोन आला. उत्तरेकडे नेमणुकीवर होता. माझ्या जुन्या उताऱ्याच्या व्हिडिओत माझा क्रमांक होता, तेथून त्याने तो शोधला. "साहेब, पावती अजून आली नाही," एवढेच तो म्हणाला. कसली पावती, हे मी विचारल्यावर त्याने जाहिरात पाठवली. खानापूर रस्त्यालगत मंजूर लेआउटमधील तीस बाय चाळीसचा प्लॉट सहा लाखांत, दहाच शिल्लक, पंचवीस हजार टोकन भरून आजच नाव नोंदवा. खाली माझा फोटो, माझा रेरा क्रमांक आणि पैसे भरण्यासाठी एक क्यूआर कोड होता. व्हिडिओत दिसणारी जमीन मी वर्षापूर्वी येळ्ळूरकडे दाखवलेली, केव्हाच विकली गेलेली होती. ज्याला आपल्या भागातले दर माहीत आहेत त्याला सहा लाखांचा तो आकडा वाचूनच शंका आली असती. पण जो माणूस वर्षातून दोनदा रजेवर येतो आणि निवृत्तीनंतर मुलांच्या शाळेसाठी बेळगावात घर बांधायचे स्वप्न पाहतो, त्याच्यासमोर निळी खूण होती, अकरा हजार फॉलोअर होते आणि मराठीत बोलणारा माझा चेहरा होता. जो फुगवलेला आकडा मी पैसे देऊन विकत घेतला होता, त्यानेच त्याची खात्री पटवली.

त्याच दिवशी मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि शहरातल्या सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे पाहणाऱ्या, पोलिस ठाण्यात गेलो. पुढच्या चार दिवसांत आणखी सहा माणसे पुढे आली. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६ सी आणि ६६ डी, म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरणे आणि तोतयेगिरी करून फसवणे, आणि भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८, यांखाली गुन्हा नोंदवला गेला. फिर्याद कन्नडमध्ये असते. ज्यांना ती वाचता येत नाही त्यांनी सही करण्यापूर्वी जाणकाराकडून शब्दन् शब्द वाचून घ्यावी, कारण त्यातल्या तारखा आणि व्यवहार क्रमांक यांवरच पुढचे सर्व अवलंबून असते. माझ्या क्रमांकाचा गैरवापर होत असल्याचे पत्र मी रेरा प्राधिकरणालाही पाठवले. ते पहिल्याच दिवशी, खाते हातचे गेले तेव्हाच, पाठवायला हवे होते.

सातांपैकी दोघांनी पैसे गेल्याचा संशय येताच तासाभरात १९३० वर फोन केला होता. त्यांची रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली आणि काही महिन्यांनी परत मिळाली. उरलेल्या पाच जणांनी आज येईल, उद्या येईल म्हणून पावतीची वाट पाहिली, आणि तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाऊन काढले गेले. जवान त्या पाचांपैकी एक आहे. हे कृत्य त्या तरुणाने स्वतः केले की त्याने माझे पेज दुसऱ्या कोणाला विकले, हे तपासात ठरेल. फॉलोअर असलेली जुनी पेजेस सर्रास विकली जातात, असे मला ठाण्यात सांगण्यात आले.

टोकन मागणारी जाहिरात पाहणाऱ्यांनाही काही सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा लेआउट असेल तर रेरात नोंद झाल्याशिवाय त्याची जाहिरातच करता येत नाही, विक्रीचा नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि एजंटाला नोंद नसलेल्या प्रकल्पातले प्लॉट विकून देता येत नाहीत. जाहिरातीतल्या क्रमांकावर भरवसा ठेवू नये. कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर एजंटाचे आणि प्रकल्पाचे नाव स्वतः शोधावे, तेथे दिलेल्या फोनवर बोलावे आणि उतारा स्वतःच्या हाताने काढावा. खरा विक्रेता दोन दिवस थांबतो. आजच पैसे भरा म्हणणाऱ्याला मी माझ्या चौदा वर्षांत कधी चांगली जमीन विकताना पाहिलेले नाही.

जुने पेज पन्नासेक लोकांनी तक्रारी केल्यावर पाच आठवड्यांनी बंद झाले. मी आता नव्याने सुरुवात केली आहे. खाते माझ्या क्रमांकावर आहे, दोन टप्प्यांची पडताळणी लावली आहे, जाहिरातीचे पैसे माझ्या कार्डावरून जातात, आणि भाचीला फक्त संदेशांना उत्तर देण्याचा अधिकार आहे. फॉलोअर सहाशे चाळीस आहेत. इनसाइट्समध्ये पहिले शहर बेळगाव आहे, दुसरे कोल्हापूर.

जवान जूनमध्ये रजेवर आला तेव्हा मी त्याच्या वडिलांना घरी जाऊन भेटलो आणि झाला प्रकार त्यांना सांगितला. त्यांनी मला दोष दिला नाही, चहा दिला. पंचवीस हजारांची भरपाई मी करतो म्हटल्यावर मुलगा ऐकेना. शेवटी दलाली न घेता प्लॉट पाहून देण्यावर आम्ही थांबलो, आणि ते काम चालू आहे.

माझा फोटो असलेले आणखी एक पेज गेल्या महिन्यात दिसले. त्यावर टोकनची मागणी आहे आणि मागे उद्यमबागेकडचा रस्ता दिसतो. त्याचीही तक्रार केली आहे. मी फोनवरून किंवा क्यूआर कोडवरून कोणाकडूनही टोकन घेत नाही; असे मागणारे पेज कोणाला दिसल्यास त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा आणि पैसे गेले असतील तर माझी वाट न पाहता आधी १९३० वर फोन करावा.