सेरामपूरला राहून बी.डी. की घरून बी.सी.एस.?

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका तरुणाला नोकरी सोडवत नाही आणि ख्रिस्ती सेवेची हाकही स्वस्थ बसू देत नाही. म्हणून त्याच्यापुढे प्रश्न आहे: सेरामपूरला राहून बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, धर्मशास्त्राची पदवी) करावी की घरून बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज)? बंगालमधलं सेरामपूर (नगरकडचं श्रीरामपूर नव्हे!) कॉलेज १८१८ साली बाप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी आणि सहकाऱ्यांनी काढलं. त्याआधी, १८०५ मध्ये, केरींचं मराठी व्याकरण सेरामपूरलाच छापलं गेलं.

खर्चात घरून शिकणं सरळ स्वस्त, पगारही चालू राहतो. पण ग्रीक, हिब्रू या बायबलच्या मूळ भाषा एकट्याने रेटणं फार जड जातं. शिवाय सकाळची प्रार्थना, मेसमधले वाद, रविवारी प्रवचनानंतर शिक्षकांनी काढलेल्या चुका, हे टपालाने येत नाही.

पाळक म्हणून दीक्षा हवी असेल तर सेरामपूरलाच जा. आधी आपल्या मंडळीला कोणती पदवी मान्य आहे ते विचार. संडे स्कूल किंवा बायबल अभ्यासवर्ग चालवायचा असेल, तर सेरामपूर सिनेटचं (कॉलेजच्या पदव्या देणाऱ्या मंडळाचं) दूरशिक्षणातलं बी.सी.एस. पुरे.