‘लेटेस्ट पॅच’ दाखवून विकलेला जुना पिक्सेल

पिक्सेल ४ए हा फोन २०२० मध्ये आला. गूगलने त्याला सुरक्षा अपडेटची हमी ऑगस्ट २०२३ पर्यंतच दिली होती आणि अधिकृत अँड्रॉइड १३ वरच थांबलं. तोच फोन ‘अँड्रॉइड १५, लेटेस्ट पॅच, प्रायव्हसी फोन’ म्हणून सेकंडहँडमध्ये गळ्यात मारला गेला. दुकानात यूपीआय चालवूनही दाखवलं. काही आठवड्यांनी बँकेचं ॲप उघडेना, तेव्हा फोन तपासायला आला.

सेटिंग्जमध्ये दिसणारी पॅचची (सुरक्षा दुरुस्तीची) तारीख म्हणजे रॉममधल्या, म्हणजे फोनमध्ये टाकलेल्या सिस्टिममधल्या, फाइलमधली एक ओळ असते. रॉम बनवणारा तिथे हवी ती तारीख टाकू शकतो. तारीख खरी असली तरी ती अँड्रॉइडच्या मूळ कोडपुरती. मॉडेम, बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम तपासून सुरू करणारा प्रोग्रॅम), ग्राफिक्सचे ड्रायव्हर यांचा फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कंपनीचा कोड, बंदिस्त असतो. कंपनीने तो देणं थांबवलं की कुठलाही रॉमवाला ती भोकं बुजवू शकत नाही. लिनेजओएस हा अँड्रॉइडवर आधारलेला लोकप्रिय रॉम हे लपवत नाही: ‘अबाउट फोन’मध्ये अँड्रॉइड व्हर्जनवर टॅप केलं की व्हेंडर पॅचची, म्हणजे कंपनीकडच्या या बंदिस्त भागाची, तारीख वेगळी दिसते. दोन तारखांमध्ये वर्षांचं अंतर असेल तर फोन जुनाच आहे. या फोनवर अनधिकृत रॉम होता आणि बिल्ड नंबरच्या शेवटी ‘टेस्ट-कीज’ लिहिलेलं होतं. म्हणजे रॉमवर डिजिटल सही करायला चाचणीच्या किल्ल्या वापरल्या होत्या आणि या किल्ल्या अँड्रॉइडच्या कोडसोबत जगजाहीर आहेत. म्हणजे कुणीही त्याच सहीने सिस्टिमचे अधिकार असलेलं ॲप बनवून त्यात घुसवू शकतो.

आणि यूपीआय कसं चाललं? फोन रूट करून (सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवून), दुसऱ्याच फोनच्या फुटलेल्या किल्ल्या वापरून गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीला, म्हणजे फोन विश्वासार्ह आहे का हे ॲपला सांगणाऱ्या तपासणीला, चकवलं होतं. गूगल अशा किल्ल्या रद्द करत राहतं. रद्द झाल्या की ॲप बंद. विक्रेता तोवर हात वर करून मोकळा.

घेण्यापूर्वी फोन तुमच्यासमोर बंद करून सुरू करायला लावा. पिक्सेलवर केशरी इशारा आला तर बूटलोडर उघडा आहे, घेऊ नका. पिवळा इशारा वेगळा: दुसरी सिस्टिम आहे, पण बूटलोडर बंद आहे. ग्राफीनओएस ही सुरक्षेवर भर देणारी अँड्रॉइड सिस्टिम नीट टाकलेल्या पिक्सेलवर हाच दिसतो आणि सोबत किल्लीचा हॅश (ओळख पटवणारी अक्षर-अंकांची ओळ) येतो. तो ग्राफीनओएसच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहा. ग्राफीनओएस फक्त पिक्सेलवर चालतं. दुसऱ्या कंपनीच्या फोनवर ते असल्याचं कुणी सांगत असेल तर ती शुद्ध थाप आहे. ‘कस्टम ओएसवर इशारा येतोच’ हे वाक्य विक्रेते केशरीसाठीही बिनदिक्कत वापरतात. शंका असेल तर फोन बंद करून आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबा. त्याने उघडणाऱ्या फास्टबूटच्या (बूटलोडरच्या) पडद्यावर ‘डिव्हाइस स्टेट’समोर लॉक्ड की अनलॉक्ड ते लिहिलेलं असतं. रूट केलेल्या फोनमधलं ॲप खोटं बोलेल, पण हा पडदा सिस्टिम सुरू होण्याआधीचा आहे.

‘ग्राफीन नंतर टाकून घ्या’ असं सांगून अमेरिकेतल्या व्हेरायझन या मोबाइल कंपनीचे पिक्सेलही विकतात. पण ग्राफीन टाकायला आधी बूटलोडर उघडावा लागतो. डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘ओईएम अनलॉकिंग’ इंटरनेट चालू असतानाही करडं राहिलं, तर त्या फोनचा बूटलोडर उघडण्याची आशा धरू नका.

असा फोन आधीच घेतला असेल तर फॅक्टरी रीसेटवर विसंबू नका. त्याने तुमचा डेटा जातो, रॉम तसाच राहतो. गूगलची मूळ फॅक्टरी इमेज (कंपनीची मूळ सिस्टिम) पूर्ण फ्लॅश करा, म्हणजे नव्याने टाका, ती चालू होते हे पाहा आणि मगच बूटलोडर लॉक करा. भलत्या रॉमवर लॉक केलंत तर फोन सुरूच होणार नाही. पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. पुढचा फोन घेताना बिलावर मॉडेल, आयएमईआय आणि ‘बूटलोडर लॉक्ड’ हे तिन्ही लिहून घ्या. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) *#०६# दाबून मिळतो आणि तो सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासता येतो.