स्प्रे गनविना मोटार: सिंथेटिक इनॅमल आणि फोम रोलरचे परीक्षण

मोटार घरी बांधणाऱ्याचे पैसे सांगाडा, इंजिन, ब्रेक आणि टायर यांतच संपतात. रंगाची पाळी शेवटी येते आणि तोवर हाती उरते ती बहुधा चिकाटीच. अशा वेळी यंत्रांना आणि लोखंडी दारांना लावतात तो साधा सिंथेटिक इनॅमल आणि चार इंची फोम रोलर यांनी गाडीची बॉडी रंगवता येईल का, हा प्रश्न थट्टेचा वाटला तरी विचारण्याजोगा आहे. ॲल्युमिनियमचे पत्रे आणि फायबरग्लासचे मडगार्ड असलेल्या एका उघड्या, दोन आसनी गाडीवर मी ही जोडी वापरली. माझे मत आधीच सांगतो: मेटॅलिक चमकी नसलेल्या साध्या रंगासाठी ही जोडी पैशाच्या मानाने उत्तम आहे, मात्र रंगावर वाचलेला पैसा प्रायमर आणि वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा कागद) यांवर खर्च करण्याची तयारी हवी.

स्प्रे गनचा विचार मी सर्वप्रथम श्वासाच्या काळजीने सोडला. मोटारींवर आज सर्रास मारला जाणारा टू-के, म्हणजे दोन घटकांचा, रंग हार्डनर मिसळून वापरतात आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते फुप्फुसात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यांना संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही त्रास देण्यास पुरते. त्यांच्या वासावरून धोका वेळेत ओळखता येत नाही, त्यामुळे साध्या मास्कमधील कार्बनचे काडतूस केव्हा निकामी झाले हे वापरणाऱ्याला कळत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा सुचवला जातो तो याच कारणाने. हा मुखवटा, भरपूर हवा देणारा कॉम्प्रेसर, हवेतील पाणी व तेल गाळणारा फिल्टर आणि धूळविरहित जागा एवढे सगळे मांडून बसल्यावर गन स्वस्तात मिळाल्याचे समाधान फारसे टिकत नाही. शिवाय जुन्या पद्धतीच्या गनमधून निघालेल्या रंगापैकी जेमतेम एक तृतीयांश पत्र्यावर बसतो आणि एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणाऱ्या) गनमधून सुमारे ६५ टक्के. बाकीचा हवेत जातो. रोलरने मात्र डब्यातला जवळजवळ सगळा रंग गाडीवरच येतो.

इनॅमलचा स्वभाव समजून घेतला तरच तो साथ देतो. हा अल्किड जातीचा, म्हणजे वाळणाऱ्या तेलापासून केलेल्या राळेचा, रंग दोन टप्प्यांत वाळतो: आधी त्यातील टर्पेंटाइन उडून जाते आणि मग हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन थर कठीण होत जातो. वरचा भाग एका रात्रीत हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का होण्यास कित्येक आठवडे जातात. या मधल्या काळात घाईने पुढचा जाड हात दिला तर नव्या थरातील द्रावक खालच्या अर्धवट थरात शिरून सुरकुत्या आणतो आणि मग सगळे खरवडून काढण्यावाचून गत्यंतर नसते. पुढचा हात देण्याची वेळ झाली की नाही, याची परीक्षा सोपी आहे. वॉटर पेपर फिरवल्यावर दुधाळ पाणी सुटले तर रंग तयार आहे. कागदावर गोळे चिकटू लागले तर आणखी थांबावे.

रोलर चालवण्याची रीत भिंतीच्या रंगकामापेक्षा अगदी वेगळी आहे. रंग मिनरल टर्पेंटाइनने बराच पातळ करावा, रोलर ट्रेच्या उतारावर नीट निथळून घ्यावा आणि हात इतका विरळ द्यावा की पहिल्या थरातून खालचा राखाडी प्रायमर ठिकठिकाणी दिसत राहील. नवखा माणूस नेमका तिथेच बिचकतो आणि रंग दाट करतो. रोलर उचलताच पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात. त्यांतले बरेचसे आपोआप फुटतात आणि उरलेल्यांवरून कोरडा फोम ब्रश जवळजवळ वजन न देता एकाच दिशेने ओढला की थर सपाट बसतो. कडेचा रंग ओला असेपर्यंत शेजारचा पट्टा त्याला भिडवावा लागतो, म्हणून एक पत्रा एका दमात पुरा करावा आणि मध्येच कोणी हाक मारली तरी थांबू नये. दर दोन हातांनंतर ८०० नंबरच्या वॉटर पेपरने, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात, हलकेच घासावे. असे पाच-सहा हात झाल्यावर आणि रंग पक्का झाल्यावर १५०० व २००० नंबरचा कागद फिरवून कंपाउंडने घोटले की संत्र्याच्या सालीसारखा उरलेला पोत निघून जातो आणि चार पावलांवरून ही गाडी रोलरने रंगवली आहे हे सांगावे लागते. अगदी जवळून, तिरप्या उजेडात पाहणाऱ्या जाणकाराला मात्र ते कळतेच, आणि त्याची खंत करण्याचे कारण नाही.

खर्चाचा खरा भाग रंगाखाली दडलेला असतो. साच्यातून निघालेल्या फायबरग्लासवर साचा सुटण्यासाठी लावलेल्या मेणाचा अंश राहतो. तो आधी मेण व ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसून न घेता थेट घासायला बसलात, तर कागद तेच मेण ओरखड्यांत कोंबतो आणि नंतर रंग जागोजागी गोल डोळे पाडून मागे सरतो. ॲल्युमिनियमवर हवेशी संपर्क येताच ऑक्साइडचा थर चढतो, म्हणून घासल्यावर वेळ न दवडता प्रायमर द्यावा. मी दोन्हींवर इपॉक्सी प्रायमर वापरला. तो ब्रशने किंवा रोलरनेही लावता येतो, त्याचा हार्डनर सहसा अमाइनचा असतो, आयसोसायनेटचा नव्हे, आणि पॉलिएस्टर पुट्टी त्यावर नीट धरते. धातूचा पृष्ठभाग किंचित कोरून धरणाऱ्या आम्लयुक्त एचिंग प्रायमरवर पुट्टी भरणे मात्र टाळावे, कारण ती पुढे सुटण्याची भीती असते. इपॉक्सीनेही त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा हातमोजे हवेतच.

पुट्टी घासताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. उपाय सांगणारे थोडे. प्रायमरवर काळ्या स्प्रेच्या डब्याने लांबून नुसती तुषारांची नक्षी उडवावी आणि लांब लाकडी पट्टीला गुंडाळलेल्या ३२० नंबरच्या कागदाने तिरपे, उलटसुलट घासावे. उंचवट्यांवरचा काळा रंग लगेच जातो, खोलगट जागी तो तसाच राहतो आणि पुट्टी कुठे भरायची हे बोट दाखवल्याप्रमाणे कळते. चकचकीत रंग पत्र्याचा प्रत्येक दोष वर आणतो. गडद रंग तर अधिकच. त्यामुळे हाताने ठोकलेल्या पत्र्यांवर क्रीम, फिकट राखाडी किंवा फिकट निळा निवडण्यात शहाणपण आहे. फायबरग्लासवर काळा रंग दिला तर उन्हात तापून आतल्या धाग्यांची वीण पृष्ठभागावर उमटण्याचा संभव असतो, हे आणखी एक कारण.

ही पद्धत घरी बांधलेल्या गाडीलाच विशेष मानवते, कारण तिचे भाग मुळातच सुटे असतात. बॉनेट, मडगार्ड, दरवाजे आडवे टेबलावर ठेवून रंगवता येतात आणि आडव्या पृष्ठभागावर ओघळ येत नाहीत. पुढे चाकाखालून उडालेल्या खड्याने टवका गेला तर त्याच डब्यातला रंग बारीक ब्रशने भरून, वाळल्यावर घासून घोटता येतो. मोटारींच्या आरंभीच्या काळात बॉडीवर रंग आणि व्हार्निश हातानेच, ब्रशने चढवत आणि त्यात आठवडेच्या आठवडे जात. १९२४ सालच्या ओकलंड गाड्यांवर ड्यूपॉन्टचे ड्यूको हे झटपट वाळणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले आणि कारखान्यांची ती अडचण सुटली. आपल्याला कारखान्याची घाई नाही, एवढाच आपला फायदा.

दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. मेटॅलिक रंग रोलरने जमत नाहीत, कारण त्यातील चमकीचे कण सारखे पसरत नाहीत आणि पट्टे उमटतात. पेट्रोल सांडून राहिले तर इनॅमल मऊ पडतो, म्हणून टाकीच्या तोंडाभोवती स्टीलची चकती बसवून घ्यावी. ब्रेक ऑइल त्याहून वाईट, ते लगेच धुतले नाही तर थर फुगवते. पांढरा अल्किड रंग अंधारात पिवळसर पडतो, त्यामुळे सदैव झाकून ठेवायच्या गाडीला शुभ्र रंग देऊ नये. सर्वांत गंभीर मर्यादा भविष्याची आहे: उद्या मन बदलून याच्यावर टू-के रंग मारायचा ठरवला तर त्यातील जहाल थिनर इनॅमलचा थर उचलण्याची दाट शक्यता आहे आणि बहुतेक वेळा गाडी पुन्हा प्रायमरपर्यंत सोलावी लागेल. वर्षभरात गाडी विकण्याचा बेत असणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

या जोडीत काटकसर करू नये अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे रोलर. स्वस्त फोम टर्पेंटाइनमध्ये फुगतो, त्याचे कण रंगात सुटतात आणि कडांना रेघा पडतात. दाट विणीचा, द्रावकात टिकणारा रोलर घ्यावा आणि प्रत्येक हातासाठी नवा वापरावा. रंगाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात ढकलू नयेत, कारण अल्किडमधील तेल वाळताना उष्णता सोडते आणि दाबून ठेवलेला ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. त्या बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.