मृत्युपत्र करून घेतलं, पाचपैकी चार स्टार

पाचवा स्टार का कापला ते शेवटी सांगते. ठाण्यात नौपाड्याला गोखले रोडच्या आतल्या गल्लीत वकिलांचं ऑफिस, पहिला मजला, लिफ्ट नाही.

मी विधवा, मूलबाळ नाही, आणि गेली अकरा वर्षं आम्ही दोघं लग्न न करता एकत्र राहतोय (सोसायटीत यांना माझे मिस्टरच समजतात, मीपण कोणाला दुरुस्त करत नाही). जायचं कारण म्हणजे नेरुळच्या माझ्या दोन मैत्रिणी, पंधरा वर्षं जोडीने राहायच्या, त्यातली एक मागच्या पावसाळ्यात गेली. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'मृताशी नाते' असा रकाना, हिने 'मैत्रीण' लिहिलं तर काउंटरवरचा म्हणतो घरचं कोणी नाही का. साताऱ्याहून भाऊ येईपर्यंत बॉडी नऊ तास शवागारात, मग तो गावाला घेऊन गेला आणि हिला गाडीत जागा नाही म्हणे.

हे वकिलांना सांगितलं तर ते म्हणाले केंद्राच्या आरोग्य खात्याने २१ ऑगस्ट २०२४ ला राज्यांना पत्र पाठवलंय, जवळचे नातेवाईक नसतील तर समलिंगी जोडीदाराला बॉडीचा ताबा मागता यावा म्हणून. 'नसतील तर' मध्येच मेख आहे, तिचा तर भाऊ होता!

मी तशी निर्धास्त होते कारण सोसायटीत नॉमिनी म्हणून यांचं नाव दिलंय. तिथेच पहिला दणका, नॉमिनी म्हणजे सांभाळणारा, मालक नव्हे, २०२३ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने शेअर्सच्या बाबतीतही तेच सांगितलंय. मग विचारलं, मृत्युपत्र नसेल तर तुमचा फ्लॅट कोणाला जाईल, मी म्हटलं आईला, अजून कोणाला. तर नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा, कलम १५, बाईच्या मालमत्तेवर आधी मुलं आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि त्यांच्यानंतर कुठे तिचे आईवडील. सासूसासरे गेलेत, म्हणजे डोंबिवलीचे दीर!! हप्ते मी माझ्या पगारातून भरले आणि दीर शेवटचे घरी आले ते तेराव्याला. यांचा नंबर तर त्या यादीत कुठेच नाही. सगळं स्वच्छ मराठीत समजावलं, घाई केली नाही, चहापण दोनदा.

अंत्यसंस्काराचं मात्र त्यांनी उगाच गोड बोलून भागवलं नाही, हे मला फार आवडलं. मृतदेह ही काही मालमत्ता नाही, मृत्युपत्रात 'अग्नी यांनीच द्यावा' असं लिहिलं तरी ती नुसती इच्छा, आणि मृत्युपत्र कपाटातून बाहेर निघतं तोवर दहावा झालेला असतो. म्हणून एका पानाचं वेगळं पत्र करून दिलं आणि त्यावर भावाची नि दिरांची सही आणा म्हणाले, कायद्याचं बळ त्याला फारसं नाही पण ऐनवेळी वाद झाला तर हातात कागद तरी असतो. भावाने जेवता जेवता सही केली. दीर म्हणाले बघू.

फी आठ हजार. स्टॅम्प ड्युटी लागत नाही, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण आम्ही केलं. साक्षीदार दोन लागतातच, ज्याला मिळणार त्याला साक्षीला उभं करू नका असं बजावलं, शिवाय डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट जोडलं.

आता तो पाचवा स्टार. मसुद्यात फ्लॅट ३०२ च्या जागी ३०३ टाइप केलेलं, म्हणजे मी शेजारच्यांचं घर यांच्या नावावर करून मरणार होते, यांनी चष्मा लावून वाचलं म्हणून सापडलं. ते सुधारायला तीन आठवडे, असिस्टंट फोन उचलत नाही, व्हॉट्सॲपवर फक्त अंगठा. सही करण्याआधी प्रत्येक ओळ स्वतः वाचा.

रविवारी बंद. पार्किंग नाही, रिक्षाने या.