कानामागचा जोड शोधत पाहिलेला ‘ऑस्टिन पॉवर्स’चा दुसरा भाग

मी बावीस वर्षं नाटकांची रंगभूषा करतो. त्यामुळे पडद्यावर टक्कल दिसलं की माझी नजर आधी कानाच्या मागे जाते. नकली टकलाच्या टोपीचा कपाळावरचा जोड रंगाने लपवता येतो. पण नटाने मान वळवली, मोठ्याने हसला, की कानामागे चुणी पडते आणि टक्कल उघडं पडतं. ‘ऑस्टिन पॉवर्स: द स्पाय हू शॅग्ड मी’ (१९९९) परवा डीव्हीडीवर चौथ्यांदा पाहिला. त्यातल्या खलनायकाच्या, डॉक्टर ईव्हिलच्या कानामागे मला अजून काही सापडलेलं नाही.

माइक मायर्स यात तिघांच्या रूपात येतो. वाकड्या दातांचा आणि छातीभर केसांचा हेर ऑस्टिन, टकला खलनायक, आणि फॅट बास्टर्ड नावाचा अवाढव्य स्कॉटिश हस्तक. मिशेल बर्क आणि माइक स्मिथसन यांना या कामासाठी ऑस्करचं नामांकन होतं, ते अगदी रास्त. आमच्याकडे जाडा माणूस करायचा म्हणजे पोट बांधायचं. इथे नुसतं पोट नाही, मान, गाल, मांड्या सगळं हललं पाहिजे, आणि हलतं. पण त्या पात्राच्या तोंडी विनोद दिलेत ते निव्वळ संडासातले. इतक्या मेहनतीने उभं केलेलं शरीर असं वाया गेलेलं पाहून मला खरंच वाईट वाटतं.

गोष्टीत फार अडकू नका. डॉक्टर ईव्हिल १९६९ मध्ये जातो, गोठवून ठेवलेल्या ऑस्टिनचा ‘मोजो’, म्हणजे त्याची सगळी रग आणि रंगेलपणा, चोरवतो, मग ऑस्टिनही मागोमाग तिथे. काळप्रवासातल्या विसंगतींनी ऑस्टिनचं डोकं गरगरायला लागतं, तेव्हा त्याचा वरिष्ठ बेसिल सांगतो की त्याचा विचार करू नकोस, मजा कर. आणि मग सरळ आपल्याकडे बघून तेच आपल्यालाही सांगतो.

मला सगळ्यात आवडला तो खंडणीचा प्रसंग. पहिल्या भागात (१९९७) तीस वर्षांनी जागा झालेला डॉक्टर ईव्हिल जगाकडे दहा लाख डॉलर मागायचं ठरवतो. तोवर ती रक्कम चिल्लर झालेली असते. आता तो १९६९ मध्ये बसून शंभर अब्ज मागतो, तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि भोवतीचे अधिकारी हसून हसून बेजार. एवढा पैसा जगात आहेच कुठे! एकच विनोद उलटा फिरवून पुन्हा तितकाच हसवायचा, याला लेखकाचा हात लागतो.

रॉब लो तरुण नंबर टू, म्हणजे डॉक्टर ईव्हिलचा उजवा हात, झालाय. म्हातारा नंबर टू रॉबर्ट वॅग्नर करतो. डोळ्यावरची पट्टी दोघांना सारखीच आहे, पण पट्टीने माणूस होत नाही. लोने वॅग्नरचा आवाज, शब्दांवर रेलायची त्याची ढब, सगळं उचललंय. डोळे मिटून ऐका, फसाल. रंगभूषेला जे कधीच जमत नाही ते त्याने गळ्याने केलंय.

सिनेमा ९५ मिनिटांचा आहे. घरात लहान मुलं झोपल्यावरच लावा. नावापासूनच सगळं चावट आहे.

आणि व्हर्न ट्रॉयर. मिनी-मी, डॉक्टर ईव्हिलचा एक अष्टमांश आकाराचा क्लोन. ट्रॉयरची उंची ८१ सेंटिमीटर. संवाद नाहीत, चिठ्ठ्या लिहून बोलतो. सिनेमा त्याला बरेचदा खेळण्यासारखा वागवतो, ते मला खटकतं, पण हा माणूस खेळणं होत नाही. बिनकेसांचं मांजराचं पिल्लू त्याच्या हातात आहे आणि तो ते चावायला लागतो. डॉक्टर ईव्हिल बापाच्या समजुतीच्या सुरात त्याला आवरतो. शेजारी खरा मुलगा स्कॉट आहे, त्याच्या वाट्याला हा सूर कधीच आलेला नाही. मी रिमोट उचलला, तो प्रसंग मागे नेला आणि या वेळी फक्त स्कॉट झालेल्या सेथ ग्रीनकडे बघत बसलो.